शंभर वर्षांची ओल: हेलेन्सबरामधल्या हिल हाउसचं प्रकरण

ओल ओळखायला यंत्र लागतंच असं नाही. भिंतीवर बोटांची पेरं ठोकावीत. गिलावा भिंतीला धरून असेल तर भरीव आवाज येतो. सुटला असेल तर मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ. दापोलीजवळच्या एका जांभ्याच्या घराच्या दुरुस्तीसाठी मला बोलावलं होतं, तिथली पश्चिमेची अख्खी भिंत अशी पोकळ वाजत होती. घरातल्या आजी ओटीवरून म्हणाल्या, "दर दोन वर्षांनी सिमेंट लावून घेतो रे. पहिला पाऊस बरा जातो. मग आहेतच पापुद्रे." एक पापुद्रा मी नखाने उचलला. मागचा जांभा इतका ओला होता की बोट लाल झालं. तेव्हा मार्च महिना होता. पाऊस जाऊन पाच महिने उलटले होते आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

ती भिंत डोक्यात असतानाच स्कॉटलंडमधल्या हिल हाउसचं प्रकरण मी मुळापासून वाचून काढलं. एका प्रकाशकाच्या कुटुंबासाठी बांधलेलं, १९०४ मध्ये पूर्ण झालेलं हे घर आज पोलादी जाळीच्या प्रचंड पेटीत उभं आहे. उघड्यावर ते फार काळ तग धरणार नाही अशी भीती त्याची निगा राखणाऱ्यांना वाटू लागली होती. घर जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न या घराने जितका स्पष्ट मांडला आहे तितका माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याच घराने मांडलेला नाही. आणि पाऊस, गिलावा, चुना, सिमेंट ही त्यातली सगळी मंडळी आपल्या ओळखीची आहेत.

कुणाचं घर, कुणी बांधलं

हेलेन्सबरा हे गाव ग्लासगोच्या वायव्येला, क्लाइड नदीच्या रुंद खाडीकाठी आहे. रेल्वे आली तसे ग्लासगोचे व्यापारी आणि कारखानदार इथल्या चढावर बंगले बांधू लागले. शहराच्या धुरापासून दूर राहायचं आणि रोज गाडीने पेढीवर जायचं, असा त्यांचा हिशोब. त्यांच्यातलेच एक वॉल्टर ब्लॅकी. 'ब्लॅकी अँड सन' या ग्लासगोच्या प्रकाशनसंस्थेचं हे घराणं. जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांना हे नाव आठवेल. या संस्थेची मुंबईतही कचेरी होती आणि तिच्या पुस्तकांच्या आतल्या पानावर लंडन, ग्लासगो आणि मुंबई ही तिन्ही नावं छापलेली असत. फोर्टातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात असं पान हाती लागलं, तर त्या ग्लासगोतल्या धन्याचं घर ते हेच.

१९०२ मध्ये ब्लॅकींनी गावाच्या वरच्या अंगाला, खाडी दिसेल अशी जागा घेतली. त्यांच्या संस्थेचे कलाविभागप्रमुख टॅल्विन मॉरिस यांनी आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचं नाव सुचवलं. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत मॅकिंटॉश यांच्या हातची. एवढं मोठं काम केलेला माणूस आपल्यासारख्याच्या घराला कशाला हात लावील, अशी ब्लॅकींना धास्ती होती. प्रत्यक्ष भेटीत मॅकिंटॉश यांचं वय पाहूनच ते चकित झाले, कारण समोर तिशीतला तरुण उभा होता. मॅकिंटॉश यांनी त्यांना किलमॅकॉम गावातलं विंडीहिल हे आपण बांधलेलं घर दाखवलं आणि काम ठरलं.

ब्लॅकींच्या अटी त्यांच्याच आठवणींत नोंदलेल्या आहेत. लाल कौलं नकोत. विटांच्या भिंतीवर लाकडी पट्ट्यांची शोभा नको. भिंती करड्या, खडबडीत गिलाव्याच्या असाव्यात आणि छप्पर पाटीच्या दगडाचं. देखणेपणा यावा तो घराच्या घडणीतून, वरून चिकटवलेल्या नक्षीतून नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे बिघडलं त्याचं सगळं खापर आर्किटेक्टवर फोडण्याची सवय पडली आहे. खडबडीत, करडी, साधी भिंत ही घरमालकाची मागणी होती. मॅकिंटॉश यांनी ती मनापासून उचलली आणि शेवटच्या टोकापर्यंत नेली.

काम करण्याची त्यांची रीत मला फार आवडते. ब्लॅकी कुटुंब तेव्हा डनब्लेनला राहत होतं. मॅकिंटॉश तिथे जाऊन त्यांच्याकडे राहिले. ही माणसं उठतात कशी, बसतात कुठे, मुलं खेळतात कुठे, पाहुणा आला की काय होतं, हे त्यांनी बघून घेतलं. आधी आतली मांडणी काढली, ती घरच्यांना पटल्यावरच बाहेरून घर कसं दिसेल याची चित्रं दाखवली. म्हणून दारातून शिरताच जवळच ग्रंथालय आहे. धंद्याच्या कामासाठी आलेला माणूस तिथूनच परत जाईल, घरात शिरणार नाही. मुलांची खोली मोठ्यांच्या बैठकीपासून लांब, वरच्या मजल्याच्या टोकाला. आपल्या वाड्यांमध्ये ओटी, माजघर, परसू या क्रमातून जे साधलं जायचं, तेच इथे एका माणसाने एका कुटुंबाकडे बघून नव्याने रचलं.

दर्शनी दालनात गडद लाकूड, आणि तिथून दिवाणखान्यात पाऊल टाकलं की एकदम पांढरा उजेड, भिंतीवर साच्याने उमटवलेले गुलाब आणि दक्षिणेकडे बागेवर उघडणारी खिडकीची बैठक. मोठी निजायची खोलीही पांढरी, आणि त्या पांढऱ्यात उंच पाठीच्या, शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांच्या काळ्या खुर्च्या. दिवे, शेकोट्या, कपाटं मॅकिंटॉश यांच्या हातची, तर कापडावरचं भरतकाम आणि दिवाणखान्यातल्या शेकोटीवरची चित्रफळी त्यांच्या पत्नी मार्गारेट मॅकडॉनल्ड यांची. जेवणाच्या खोलीत मात्र कुटुंबाचं जुनंच सामान मांडलं. नव्या घरातला हा जुना मेज मला सगळ्यात बोलका वाटतो.

मार्च १९०४ मध्ये घर ताब्यात देताना मॅकिंटॉश म्हणाले, ते ब्लॅकींनी लिहून ठेवलं आहे: हा इटालियन व्हिला नाही, इंग्लिश मॅन्शन नाही, स्विस शॅले नाही, स्कॉटिश किल्लाही नाही; हे राहतं घर आहे.

भिंत चुकली कुठे

स्कॉटलंडमध्ये खडबडीत गिलाव्याची जुनी परंपरा आहे. तिला तिथे हार्लिंग म्हणतात. वाळू-खडी मिसळलेला चुना गवंडी थापीने भिंतीवर जोरात फेकतो, तो थापतो किंवा घोटत नाही. फेकलेल्या चुन्याचा पृष्ठभाग उंचसखल होतो, त्यामुळे हवेशी त्याचा संपर्क वाढतो. पाऊस आला की चुना थोडं पाणी पितो, वारा आला की सोडून देतो. आपला चुन्याचा गिलावाही हेच करतो. दगडी घाण्यात मळलेल्या चुन्याची भिंत श्वास घेते असं जुने गवंडी म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच.

हिल हाउसवर गिलावा चढला तो पोर्टलंड सिमेंटचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं असलं तरी असा बाह्य गिलावा करण्याची चाल तेव्हा नवी होती. घट्ट, टणक, एकसंध, पाण्याला दाद न देणारा माल अशी त्याची ख्याती. एका सलग, करड्या, जणू एकाच मातीतून घडवलेल्या आकारासाठी मॅकिंटॉश यांना तो पटला असणार.

पण दगडी भिंत थंडीत आकसते, उन्हात फुगते, आणि तिच्यावरचं सिमेंट तसं हलायला तयार नसतं. मग त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. इतक्या बारीक चिरेत पाणी ओतावं लागत नाही, चीर स्वतःच ते आत ओढून घेते. दिव्याची वात तेल ओढते तसं. आत गेलेल्या पाण्याला परत यायचं तर वाफ होऊन यावं लागतं, आणि सिमेंटचा थर वाफेला वाट देत नाही. दारातून शिरलेला माणूस आत अडकावा, तसं पाणी भिंतीत अडकतं.

एवढंच असतं तरी घर तगलं असतं. खरा घाव वर, भिंतीच्या डोक्यावर आहे. कुठल्याही भिंतीच्या माथ्यावर आपण थोडा पुढे आलेला दगड किंवा फरशी बसवतो आणि तिच्या खालच्या कडेला एक खाच ठेवतो. पाणी त्या खाचेशी अडतं आणि भिंतीपासून दूर, थेंबाथेंबाने खाली पडतं. कोकणात तर सगळं घरच या एका गोष्टीभोवती बांधलेलं असतं: छप्पर पुढे काढायचं, वळचण मोठी ठेवायची, पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडल्या पाहिजेत. हिल हाउसच्या त्रिकोणी भिंतींवर, कठड्यांवर, धुराड्यांवर असा पुढे आलेला दगड बऱ्याच ठिकाणी नाहीच. गिलावा भिंतीवरून चढतो, माथ्यावरून वळतो आणि पलीकडे उतरतो. नजरेला कुठे रेघ अडत नाही. घराचा तो सलग, शिल्पासारखा आकार त्यातूनच येतो, आणि पावसाचं सगळं पाणी माथ्यावरून थेट भिंतीच्या अंगावर येतं तेही त्यातूनच. माथ्याचा गिलावा सर्वांत आधी चिरतो. तिथून शिरलेलं पाणी भिंतीच्या पोटातून खाली उतरतं.

पावसाचं गणितही नीट बघायला हवं. रत्नागिरीला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हेलेन्सबराला वर्षाचा पाऊस त्याच्या जवळपासही जात नाही. तरी तिथली भिंत आपल्यापेक्षा जास्त सोसते. आपल्याकडे दसऱ्यानंतर सात-आठ महिने भिंतीला वाळायला मिळतात. तिथे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस पावसाचे, तेही बाराही महिने विखुरलेले, समुद्रावरून येणारा वारा ते पाणी आडवं भिंतीवर मारतो, आणि हिवाळ्यातलं ऊन घटकाभराचं पाहुणं. आधीची ओल जायच्या आत पुढची सर येते. आणि ही ओल शेवटी पोहोचते ती आतल्या साच्याच्या गुलाबांपर्यंत आणि लाकडापर्यंत.

हातोहात फिरलेलं घर

ब्लॅकी या घरात जवळजवळ पन्नास वर्षं राहिले. मॅकिंटॉश यांचं नशीब मात्र लवकर फिरलं. ग्लासगोतली कामं आटली, महायुद्धाआधीच त्यांनी शहर सोडलं, पुढे लंडन, मग दक्षिण फ्रान्समध्ये जलरंगातली चित्रं, आणि १९२८ मध्ये लंडनला मृत्यू. तोवर आर्किटेक्ट म्हणून त्यांना विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. ब्लॅकींना मात्र आपल्या घराची किंमत ठाऊक होती. त्यांनी आतलं फारसं काही बदललं नाही, आणि या घराच्या जतनाचा खरा पहिला टप्पा तोच. कुठल्याही संस्थेच्या कितीतरी आधी एका कुटुंबाने घर न मोडता वापरलं.

१९५३ मध्ये ब्लॅकी वारले आणि घर विकलं गेलं. नव्या मालकानेही ते सांभाळलं. १९७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने ते घेतलं आणि १९८२ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे सोपवलं. या सगळ्या वर्षांत गिलाव्याची दुरुस्ती चालूच होती. चीर दिसली की भर, सुटलेला तुकडा काढ, नवा लाव. आणि बहुतेक वेळा नवा माल पुन्हा सिमेंटचाच. दापोलीच्या आजी सांगत होत्या तेच चक्र.

पर्याय कोणते होते

ट्रस्टपुढे जो पेच होता तो मी माझ्या तीन-चार सहकाऱ्यांपुढे मांडून पाहिला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, म्हणून तो इथे मांडतो.

सगळा गिलावा काढून पुन्हा तसाच सिमेंटचा लावावा, तर घर मुळासारखं दिसेल, पण काही वर्षांनी तीच ओल. सिमेंट काढून चुना लावावा, तर भिंत श्वास घेईल, पण माथे उघडेच राहतात आणि सतत भिजणाऱ्या माथ्यावर चुनाही किती टिकेल याची शंका. शिवाय पोत आणि रंग थोडा बदलणार. माथ्यांवर दगड बसवून पाणी दूर टाकावं, तर दुखणं मुळातून जाईल, पण मॅकिंटॉश यांची ती न अडणारी रेघ मोडते. त्यांच्या प्रत्येक कडेवर सावलीची एक पट्टी येईल. घर वाचेल आणि त्याचा चेहरा जाईल.

माझे एक सहकारी, जे मंदिरांच्या जीर्णोद्धाराचं काम करतात, म्हणाले, माथ्याला दगड लावा, त्यात एवढा विचार कसला. चूक सुधारणं म्हणजे अपमान नव्हे. मला ते पूर्ण पटत नाही. इथे चूक आणि कलाकृती एकाच रेषेत आहेत, ती रेष पुसली तर दोन्ही जातात. पण त्यांचं म्हणणं मी झटकूनही टाकू शकत नाही. घर मुळात राहण्यासाठी होतं, असं मॅकिंटॉश स्वतःच सांगून गेले. राहतं घर कोरडं हवं.

त्यातच ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीला २०१४ च्या मे महिन्यात आग लागली आणि जीर्णोद्धार चालू असताना, १५ जून २०१८ रोजी, दुसऱ्यांदा लागलेल्या आगीत ती जवळपास पूर्ण जळाली. मॅकिंटॉश यांची सर्वांत मोठी इमारत गेल्यावर, आतल्या सामानासकट शाबूत असलेल्या या घराचं मोल किती वाढलं हे सांगायला नको. आता इथे घाईने काही करून चालणार नव्हतं.

पेटी

ट्रस्टने त्या तिन्हींपैकी काहीच लगेच केलं नाही. आधी भिंत वाळू द्यायची असं ठरवलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. ओल्या भिंतीवर कुठलाही गिलावा लावला, अगदी उत्तम चुन्याचा लावला, तरी ओल त्याच्यामागे कोंडली जाते. आणि भिंत किती ओली आहे, कुठे आहे, वाळल्यावर खरंच किती बिघडलेली निघते, हे वाळल्याशिवाय कळत नाही.

पण उघड्यावर ती वाळणार कशी? आणि ताडपत्रीत गुंडाळावी तर वारा बंद होऊन आत बुरशी माजणार. कारमडी ग्रोर्क या लंडनच्या आर्किटेक्टांनी काढलेला तोडगा असा: घरापासून सुटी, स्वतःच्या पायांवर उभी पोलादी चौकट, वर भक्कम छप्पर आणि चारी बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या कड्यांची जाळी, जुन्या काळच्या सैनिकांच्या चिलखतासारखी विणलेली. तीत ३ कोटी २४ लाख कड्या आहेत. वाऱ्याबरोबर आडवी आलेली सर या कड्यांवर आदळते, थेंब कड्यांना चिकटतात आणि जाळीवरूनच खाली ओघळतात. पाण्याचा थोडासा भाग आत येतो, वारा मात्र जवळजवळ मोकळा वाहतो. भिंत भिजणं थांबतं आणि वाळणं चालू राहतं.

वाळणं सावकाश व्हायला हवं, हेही इथे सांभाळलं आहे. जाड भिंत एकदम वाळवली तर पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक बनतात आणि गिलावा फोडतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. आतलं लाकूडही झटक्यात आकसतं, फाटतं. म्हणून हिशोब महिन्यांचा नसून वर्षांचा आहे.

२०१९ च्या जूनमध्ये ही पेटी लोकांसाठी खुली झाली. खर्च सुमारे ४५ लाख पौंड. जाळीच्या आत घराभोवती आणि छपराच्याही वर जिने आणि वाटा बांधल्या आहेत. धुराड्यांचे माथे, जे बांधणाऱ्या गवंड्यांनंतर क्वचितच कुणी जवळून पाहिले असतील, ते आता शाळकरी मुलंही हातभर अंतरावरून बघतात. गिलाव्याच्या चिरा त्यांना दिसतात. एखाद्या संस्थेने आपल्या ताब्यातल्या वास्तूचं दुखणं लपवायचं सोडून त्याच्याभोवती जिने बांधले, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत पहिलं काम असतं ते रंग देण्याचं.

आक्षेपही आहेत आणि ते वाजवी आहेत. घर आणि खाडी यांच्यामध्ये जाळी आली. ब्लॅकी कुटुंबाने ज्या देखाव्यासाठी ही जागा घेतली, तो दिवाणखान्यातून आता जाळीपलीकडे दिसतो. लांबून पाहणाऱ्याला टेकडीवर घर न दिसता एक चौकोनी धुकट ठोकळा दिसतो. तात्पुरतं म्हणून उभं केलेलं कायमचं होऊन बसतं हा अनुभव आपल्याला आहेच. आणि पेटीने गिलाव्याचा प्रश्न सोडवलेला नाही, फक्त पुढे ढकलला आहे. माथ्यांचं काय करायचं, सिमेंट ठेवायचं की चुना आणायचा, हे शेवटी ठरवावंच लागणार. पण ते कोरड्या भिंतीसमोर उभं राहून ठरवता येईल, आणि हा फरक लहान नाही.

दापोलीची भिंत

पेटीची छायाचित्रं पाहताना मला पहिल्यांदा आठवले ते झाप. नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप कोकणात पावसाच्या तोंडाला पडवीला आणि पश्चिमेच्या भिंतीला बांधतात. झड झापावर थांबते, वारा विणीतून जातो, भिंत कोरडी राहते. दिवाळीच्या आसपास ते उतरवायचे. आता बहुतेक घरांनी ते सोडून निळं प्लास्टिक धरलं आहे. ते पाणी अडवतं, पण वाराही अडवतो.

आजींना मी म्हटलं, यंदा भिंतीला काहीही लावायचं नाही. आहे ते सिमेंटही काढायचं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "उघडी ठेवायची? पावसात?"

"उघडी नाही, आजी. झाप बांधू."

"ते विणणारं आता कोण आहे?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारच्या वाडीतून दोघी बायकांना बोलावून आणलं. एप्रिलमध्ये सिमेंट टाचून काढलं. सांध्यांतला मूळ चुना बराचसा शाबूत निघाला. वरची वळचण जुन्या दुरुस्तीत वीतभर कापली गेली होती, ती पुन्हा बाहेर काढली. मृगाच्या आधी झाप चढले.

पुढच्या मार्चमध्ये गेलो तेव्हा झाप उतरवलेले होते आणि भिंत उघडी, लालसर उभी होती. खालचे दोन थर अजून गडद आणि थंड लागत होते, वरच्या जांभ्यावर बोट फिरवलं तर कोरडी पूड आली. चुन्याचा गिलावा कधी लावायचा, असं आजींनी विचारलं. खालचे दोन थर वाळू देत, एवढंच मी सांगितलं, आणि त्यांनी नव्या झापांसाठी झावळ्या भिजत घालायला सांगितल्या.